मनाचे वैद्य एकत्र येतात तेव्हा



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी येते. अमुक शहरी मानसोपचार करणाऱ्यांची परिषद भरली, दोन दिवस चालली, बरेच निबंध वाचले गेले. उद्घाटन अमक्यांनी केले, समारोप तमक्यांनी केला. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. शेतकऱ्याला वाटते, यात आपला काय संबंध? शिक्षकाला वाटते, आम्हांला आमच्या सभा पुष्कळ आहेत, दुसऱ्यांच्या कशाला मोजा? तेव्हा या परिषदा कशासाठी भरतात, त्यांतून कधी काय निघाले आणि तुमच्या गावच्या शाळेने त्यातून काय घ्यावे, एवढे आज मी सांगणार आहे.

आधी हे मनाचे वैद्य म्हणजे कोण? त्यांत औषध देणारे डॉक्टर आले; शिवाय बोलण्यातून, चाचण्यांतून, सवयी बदलण्याच्या अभ्यासातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आले. या मंडळींचे काम मोठे विचित्र आहे. सुताराने चौकट केली की ती चार लोक पाहतात. दार लागत नसेल तर घरधनी त्याला परत बोलावतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या शेजारी निदान आणखी दोघे-तिघे उभे असतात. मनाचा उपचार मात्र बंद दाराआड, दोन माणसांत चालतो. तिसरा पाहणारा नाही. उपचार करणाऱ्याची समजूत चुकली, तर ती त्या खोलीतच राहते आणि वर्षानुवर्षे तशीच चालू राहू शकते. म्हणून इतर कोणत्याही धंद्यापेक्षा या धंद्यातल्या माणसाला आपल्या बरोबरीच्यांत जाऊन बसण्याची अधिक गरज असते. मी असे असे केले, तुम्ही काय केले असते, हे त्याने विचारायचे असते. परिषदेचे आणि कार्यशाळेचे मूळ इथे आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही, बरं का. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेवर चांगला विस्तृत भाग आहे. तीच विद्या जाणणाऱ्यांशी केलेले संभाषण, त्याला तिथे 'तद्विद्यसंभाषा' म्हटले आहे. तिचे प्रकार दोन. एक मित्रभावाने, जुळवून घेऊन केलेली चर्चा, ती 'संधाय संभाषा'. आणि दुसरी प्रतिपक्षाला जिंकण्याच्या ईर्षेने केलेली, ती 'विगृह्य संभाषा'. कोणाशी कोणत्या प्रकारे बोलावे, सभा कशी आहे हे आधी कसे पारखावे, याचाही विचार तिथे केलेला आहे. आजच्या कोणत्याही परिषदेत जाऊन बसा, हे दोन्ही प्रकार एका दिवसात पाहायला मिळतील.

पण तद्विद्य म्हणजे ती विद्या जाणणारा. आता मला सांगा, मनाच्या दुखण्यात ती विद्या जाणणारा कोण? ग्रंथ वाचलेला वैद्य तर खराच. पण ज्याचे मन दुखते आहे, त्यालाही त्या दुखण्याचे असे काही ठाऊक असते, जे कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण रोज वापरतो. मग त्याला सभेत जागा कोठे? या एका प्रश्नावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या या परिषदांचा इतिहास कसा वळत गेला, ते तीन प्रसंगांतून पाहू. तिन्ही अमेरिकेतले आहेत. त्यानंतर आपण आपल्या देशात येऊ.

पहिला प्रसंग १९०९ सालचा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे गाव आहे. तिथल्या क्लार्क विद्यापीठाला वीस वर्षे पूर्ण झाली होती. विद्यापीठाचे अध्यक्ष होते जी. स्टॅन्ले हॉल. अध्यापनाचा अभ्यासक्रम केलेल्या शिक्षकांनी हे नाव ऐकलेले असेल, कारण किशोरवयावरचा त्यांचा १९०४ सालचा ग्रंथ त्या विषयातला पायाचा ग्रंथ मानला जातो. हॉल यांनी समारंभासाठी युरोपातून विद्वान बोलावले, त्यांत व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड होते. आधी त्यांना जुलै महिन्याचे निमंत्रण गेले. फ्रॉइड यांनी नकार कळवला; तेवढे दिवस दवाखाना बंद ठेवून रुग्णांची फी बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते! मग तारीख सप्टेंबरात नेली, मानधन वाढवले, आणि फ्रॉइड निघाले. बरोबर कार्ल युंग आणि सांडोर फेरेंझी होते. ब्रेमेन बंदरातून निघालेल्या जहाजावर वेळ घालवायला हे तिघे एकमेकांच्या स्वप्नांचा अर्थ लावीत बसले. विद्वानांच्या परिषदेत खरी चर्चा व्यासपीठाबाहेर होते ती अशी.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रॉइड यांनी पाच दिवसांत पाच व्याख्याने दिली, तीही जर्मन भाषेत, हाती कागद न घेता. सकाळी फेरेंझींबरोबर फिरायला जायचे, चालता चालता विषय ठरवायचा, आणि सभागृहात येऊन बोलायचे. अमेरिकेतले सर्वांत मोठे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांच्याबरोबर फिरताना घडलेली एक गोष्ट फ्रॉइड यांनी पुढे लिहून ठेवली आहे. जेम्स एकाएकी थांबले, हातातली पिशवी फ्रॉइड यांच्या हाती दिली आणि म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी येतोच. छातीत कळ आली होती. पुढच्याच वर्षी हृदयविकाराने ते वारले. मृत्यू समोर दिसत असता इतके शांत राहता यावे, असे फ्रॉइड यांना वाटून गेले.

पहिल्या व्याख्यानात फ्रॉइड यांनी एका तरुणीची हकिकत सांगितली. तिच्यावर त्यांनी स्वतः उपचार केले नव्हते. त्यांचे वडीलधारे मित्र डॉक्टर ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात केले होते. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता मुलगी स्वतःच आजारी पडली. हात लुळा पडला, बोलणे बिघडले. एका उन्हाळ्यात तर तहानेने जीव कासावीस होई, पेला ओठांशी नेई, पण पाणी पिववेना. फळांवर दिवस काढले. असे सहा आठवडे गेल्यावर संमोहनाच्या अवस्थेत ती बोलू लागली, की घरच्या शिक्षिकेचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला होता. तेव्हा किळस आली, पण शिष्टाचार म्हणून ती गप्प बसली होती. दाबून ठेवलेला तो राग बाहेर पडला, आणि तिने पाणी मागून घेतले. बोलून होणाऱ्या या उपचाराला नाव कोणी दिले? त्या मुलीनेच. 'बोलण्याचा उपचार' हे तिचे शब्द. विनोदाने ती त्याला धुराडे साफ करणे असेही म्हणे.

ग्रंथात तिचे टोपणनाव 'आन्ना ओ.' असे होते. खरे नाव बेर्टा पापेनहाइम. १९०९ साली ती पन्नास वर्षांची, हिंडतीफिरती, कर्ती बाई होती. अनाथ आणि फसवल्या गेलेल्या मुलींसाठी तिने आश्रम चालवला होता. १९०४ साली जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली होती. वूस्टरच्या सभागृहात यातले काहीच सांगितले गेले नाही. तिची लक्षणे गेली, एवढे श्रोत्यांनी ऐकले. प्रत्यक्षात ब्रॉयर यांचे उपचार संपल्यानंतर त्याच वर्षी तिला स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात ठेवावे लागले होते, आणि पुढची काही वर्षे तिच्या रुग्णालयाच्या खेपा चालू होत्या. हेन्री एलेनबर्गर या इतिहासकाराने ती कागदपत्रे १९७२ साली उजेडात आणली. म्हणजे बघा, ज्या हकिकतीवर एक नवे शास्त्र अमेरिकेत पाऊल टाकीत होते, ती हकिकत अर्धीच होती. उरलेली अर्धी सांगू शकेल असे माणूस जगात होते, पण त्या सभेत त्याला खुर्ची नव्हती. रुग्णाचे नाव गुप्त ठेवणे योग्यच होते. त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. पण नाव झाकताना तिचे म्हणणेही झाकले गेले.

दुसरा प्रसंग १९४६ सालचा. त्यातला मुख्य माणूस कुर्ट लेविन. हे मूळचे जर्मनीतले ज्यू प्राध्यापक. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली त्यांनी देश सोडला. मागे राहिलेली त्यांची आई नाझींच्या छळात बळी गेली. माणसे घोळक्यात एक वागतात आणि एकटी वेगळी वागतात, ते का, हा लेविन यांच्या अभ्यासाचा विषय.

युद्धाच्या दिवसांत त्यांनी केलेला एक साधा प्रयोग आधी सांगतो. अमेरिकेत मांसाची टंचाई होती. गुर्दा, काळीज असे प्राण्यांचे जे भाग तिथल्या गृहिणी नाक मुरडून टाकून देत, ते त्यांनी रांधावेत असे सरकारला वाटत होते. लेविन यांनी बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना तज्ज्ञाने उत्तम व्याख्यान दिले; पोषण सांगितले, देशाची गरज सांगितली, पाककृतीसुद्धा वाटल्या. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान नाही. आपल्यासारख्या बायकांना यात काय अडचण वाटेल, यावर त्यांनी आपसांत बोलायचे: नवरा काय म्हणेल, वास कसा घालवायचा. शेवटी कोण करून पाहणार, त्यांनी हात वर करायचे. काही दिवसांनी चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरात तीन जणींनी तो पदार्थ करून पाहिला होता. आपसांत बोललेल्यांपैकी शंभरात बत्तीस जणींनी. रेडिओवर व्याख्यान देणाऱ्या माझ्यासारख्याने हा आकडा सांगणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे. पण शिक्षकांच्या कानांवर तो जायलाच हवा.

तर १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्याच्या विनंतीवरून न्यू ब्रिटन गावच्या अध्यापक महाविद्यालयात लेविन यांनी एक कार्यशाळा घेतली. काळे-गोरे, ज्यू-ख्रिस्ती यांच्यातली तेढ गावपातळीवर कशी कमी करता येईल, हा विषय. शिबिरार्थी चाळीसच्या आसपास, त्यांत शिक्षक आणि समाजसेवक पुष्कळ. दिवसभर त्यांच्या गटचर्चा चालत. प्रत्येक गटात एक निरीक्षक कोपऱ्यात बसून टिपणे घेई. रात्री शिबिरार्थी मोकळे, आणि तज्ज्ञ मंडळी एकत्र बसून दिवसभराचा हिशेब करीत: अमका कसा बोलला, अमकीने चर्चा कशी वळवली.

एके रात्री दोन-तीन शिबिरार्थी दाराशी आले आणि म्हणाले, आम्ही ऐकायला बसलो तर चालेल का? काही तज्ज्ञांना ते रुचले नाही. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच तोंडावर कसे बोलणार? लेविन यांनी मात्र त्यांना आत घेतले. थोड्या वेळाने निरीक्षक एका बाईंच्या दिवसभरातल्या वागण्याविषयी सांगू लागला, आणि त्या बाई तिथेच बसलेल्या! त्या म्हणाल्या, छे, तसे झालेच नाही. मी सांगते काय झाले ते. खोलीत एकदम वेगळीच जाग आली. निरीक्षकाने पाहिले होते ते एक, बाईंच्या मनात चालले होते ते दुसरे, शेजारी बसलेल्यांना वाटले ते तिसरे. तिन्ही एकापुढे एक मांडल्यावर जे कळले, ते नुसत्या टिपणांतून कळले नसते. पुढे रात्रीच्या त्या बैठकीला बहुतेक सारे शिबिरार्थी हजर राहू लागले. दिवसभराच्या आखलेल्या तासांपेक्षा रात्रीचे ते बोलणेच कार्यशाळेचे खरे काम होऊन बसले.

विजेच्या यंत्रविद्येतला 'फीडबॅक' हा शब्द या मंडळींनी उचलला आणि माणसांच्या बोलण्याला लावला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'प्रत्याभरण' म्हणतात. आज तो शब्द कचेरीत, कारखान्यात, शाळेत सगळीकडे ऐकू येतो. लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल गावी अशा शिबिरांची कायमची परंपरा सुरू केली.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत अशा गटांचे पेव फुटले. काही ठिकाणी माणसाला चारचौघांत बसवून, खोदून खोदून बोलते करण्याचा अट्टहास झाला, आणि त्यातून काहींना इजाही पोचली, असे अभ्यासकांना आढळून आले. न्यू ब्रिटनच्या बाईंना कोणी ओढून आणले नव्हते. त्या आपणहून दाराशी आल्या होत्या. हा फरक ध्यानात ठेवावा.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण. पुरुषाला पुरुषाची किंवा स्त्रीला स्त्रीची ओढ वाटणे, हे त्या काळी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत दुखणे म्हणून नोंदलेले होते. त्या नोंदीमुळे लोकांच्या नोकऱ्या जात, बदनामी होई, 'बरे करण्या'साठी विजेचे झटकेसुद्धा दिले जात. एव्हलिन हूकर या संशोधक बाईंनी १९५६ साली शिकागोच्या मानसशास्त्र परिषदेत एक निबंध वाचला होता. तीस समलिंगी आणि तीस इतर पुरुषांच्या चाचण्या त्यांनी नावे झाकून नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या. कोणत्या कोणाच्या, हे तज्ज्ञांना ओळखता आले नव्हते. तरी यादी बदलली नाही. १९७० साली सॅन फ्रान्सिस्कोला आणि १९७१ साली वॉशिंग्टनला निदर्शकांनी परिषदेत घुसून गोंधळ घातला. चरकांच्या भाषेत, विगृह्य संभाषा सुरू झाली.

मग १९७२ च्या मे महिन्यात डॅलस शहरी अधिवेशन भरले. मनोविकारशास्त्र समलिंगी माणसाचे मित्र की शत्रू, या विषयावर एक संवाद ठेवला होता. व्यासपीठावर डॉक्टर होते आणि चळवळीतले लोकही होते. पण दोन्ही एकाच माणसात असेल असा कोणी नको का, असे एका कार्यकर्तीने सुचवले. पुष्कळांना विचारले, कोणी धजेना. शेवटी जो आला त्याने चेहऱ्यावर रबरी मुखवटा चढवला होता, डोक्याला टोप, अंगात ढगळ कोट, आणि आवाज बदलणारा ध्वनिक्षेपक. नाव सांगितले, डॉक्टर एच. अनामिक. मी तुमच्यातलाच मनोविकारतज्ज्ञ आहे आणि समलिंगी आहे, असे त्याने सांगितले. आणि आपल्यासारखे कितीतरी जण याच अधिवेशनात तोंड लपवून वावरत आहेत, हेही सांगितले. मुखवट्यामागचे गृहस्थ होते फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन फ्रायर. आपला हा स्वभाव उघड झाल्यामुळे त्यांना आधी एका ठिकाणचे प्रशिक्षण सोडावे लागले होते, म्हणून ही सावधगिरी. पुढे बावीस वर्षांनी, १९९४ साली, त्यांनी आपले नाव जाहीरपणे सांगितले.

एका भाषणाने यादी बदलली, असे मी म्हणणार नाही. संशोधन होते, निदर्शने होती, अंतर्गत चर्चा होत्या. पण १९७३ च्या डिसेंबरात संघटनेने तो शब्द यादीतून काढला. काही सभासदांनी आक्षेप घेतला म्हणून १९७४ साली मतदान झाले, आणि बहुमताने तो निर्णय कायम राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. आपल्या देशात भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा आजार नव्हे असे स्पष्ट निवेदन केले, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधला असा परस्परसंमतीचा संबंध गुन्हा नाही असा निकाल दिला. वूस्टरला जिच्याविषयी बोलणे चालले होते ती सभेत नव्हती. न्यू ब्रिटनला त्या बाई दाराशी येऊन आत आल्या. डॅलसला तो माणूस व्यासपीठावर उभा राहिला, मुखवटा घालून का होईना.

आता आपल्या देशात येऊ. पन्नाशीच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्यासागर म्हणून अधीक्षक होते. रुग्णालयात गर्दी फार, माणसे अपुरी. शिवाय एकदा रुग्णाला तिथे आणून सोडले, की घरचे फिरकत नसत. विद्यासागरांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाबरोबर तिथेच राहायला सांगितले. त्यांना एकत्र बसवून ते आजार समजावीत, घरी काय करावे ते सांगत, आणि त्यांचेही ऐकून घेत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. घरच्यांची भीती कमी झाली. तिथे निबंध वाचले गेले नाहीत, समारोपाचे हार झाले नाहीत, पण मानसोपचाराची ती एक मोठी कार्यशाळाच होती. आपल्या देशात रुग्णाच्या कुटुंबाला उपचारात भागीदार धरण्याची जी रीत पडली, तिच्या आरंभाला हे तंबू आहेत.

पुढे ही गोष्ट कायद्यातही उतरली. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाप्रमाणे, उद्या आपण आजारी पडलो तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येते. या कायद्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणावर डॉक्टर आणि अधिकारी यांच्याबरोबर, मानसिक आजार स्वतः भोगलेल्यांचे आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांचे प्रतिनिधीही घ्यावे लागतात. खुर्ची आता कायद्याने दिली आहे. तिच्यावर बसलेल्याचे ऐकायचे की नाही, हे मात्र कायद्याला करून घेता येत नाही. ते सभेतल्या बाकीच्यांवर आहे.

आणि म्हणूनच मी शाळेकडे वळतो. शिक्षक हा काही मनाचा वैद्य नव्हे. पण मुलांच्या मनांशी त्याचा रोजचा व्यवहार आहे, आणि वर्गाचे दार लावले की तोही एकटाच. त्यासाठी तर केंद्रातली शिक्षण परिषद असते, प्रशिक्षणे असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेला बालमानसशास्त्रावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. माझे बोलणे झाल्यावर एका बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलाची अडचण मांडली. सातवीतला मुलगा, बुद्धीने बरा, पण मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोके टेकून झोपतो. झाले! चर्चा रंगली. एक गुरुजी म्हणाले, रात्री मोबाइल बघत असेल. दुसरे म्हणाले, रक्त कमी असेल, तपासून घ्या. कोणी म्हणाले, अभ्यासाची गोडीच नाही. एकांनी तर त्याची मानसशास्त्रीय चाचणी करावी असे सुचवले. पाऊण तास गेला. त्या मुलाचे वडील शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य होते आणि कसल्या तरी सहीसाठी बाहेर व्हरांड्यात येऊन थांबले होते. बाईंना ते दिसले. त्या उठून बाहेर गेल्या, त्यांना बाजूला घेऊन विचारले.

ते म्हणाले, "बाई, आमच्याकडं एक आठवडा लाईट दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की मोटर चालू करून दारं धरायला दोन माणसं लागत्यात. थोरला कामाला पुण्याला गेला. मग हाच येतोय माझ्यासंगं."

बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "तरीच! एक आठवडा झोपतो आणि एक आठवडा चांगला असतो. मला वाटायचं, मूड असेल."

खोलीत विद्या होती, कळकळ होती, अनुभव होता. फक्त रात्री पाण्याची दारे कोण धरते, ही माहिती नव्हती, आणि ती व्हरांड्यात उभी होती. विजेचे वेळापत्रक बदलणे शाळेच्या हाती नव्हते. पण वडिलांनी शेजारच्या बांधकऱ्याशी सावड केली, आणि बाईंनी रात्रपाळीच्या आठवड्यात त्या वर्गाचे गणित सकाळच्या पहिल्या तासाला घेतले. चाचणीची गरज पडली नाही.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. पण आपण काय पाहतो? कागद तयार असतो, पालक सही करतात किंवा अंगठा उठवतात आणि जातात. काही सांगायचे आहे का, असे शेवटी विचारले जाते खरे, पण तोवर लोक चपला पायांत घालीत असतात. मग आपणच म्हणतो, पालकांना आस्था नाही. अहो, ज्या सभेत आपल्या बोलण्याने काहीच बदलत नाही, तिथे आस्था कोठून यावी? गुर्दा रांधण्याचे व्याख्यान ऐकलेल्या त्या बायकांना तरी कोठे आस्था वाटली होती?

याचा अर्थ पालक म्हणेल ते ब्रह्मवाक्य असाही नव्हे. न्यू ब्रिटनच्या बाई म्हणाल्या तेवढेच खरे, आणि निरीक्षकाचे खोटे, असे कोणी ठरवले नाही. दोघांचे समोरासमोर ठेवले, म्हणून उजेड पडला. शिक्षकाने वर्गात जे पाहिले ते आईने पाहिलेले नसते, आणि आईने घरी जे पाहिले ते शिक्षकाने पाहिलेले नसते. तसेच, सगळेच सगळ्यांसमोर बोलायचे असते असेही नाही. मुलाची अडचण भर सभेत त्याचे नाव घेऊन मांडू नये. त्या बाईंनी वडिलांना बाजूला घेऊन विचारले, हे त्यांनी फार चांगले केले. आणि मुलगा? तो तर या सगळ्यात मुख्य. त्यालाही एकट्याला, प्रेमाने, "बाळा, रात्री कधी झोपतोस?" एवढे विचारायला काय हरकत आहे? पुष्कळदा मोठ्यांच्या परिषदा चालतात, आणि हा एक प्रश्न तेवढा राहून जातो.

गावकरी श्रोत्यांनाही सांगतो. घरातल्या कोणाला मनाचे दुखणे झाले आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर लाजून बाहेर थांबू नका. त्याची झोप, त्याचे खाणे, हे कधीपासून सुरू झाले, त्या सुमारास घरात, शेतात काय घडले, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगा. आणि जो आजारी आहे त्याच्या देखत, तो जणू तिथे नाहीच असे समजून, त्याच्याविषयी बोलू नका. आधी त्याला बोलू द्या. तो अडखळेल, तुटक बोलेल, कधी विसंगतही बोलेल. थोडा धीर धरा.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. येत्या पालकसभेत अहवाल, सूचना आणि आभार यांच्यातून पंधरा मिनिटे वेगळी काढा, आणि ती शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा. त्या पंधरा मिनिटांत आपण बोलू नका. पहिल्या वेळी कदाचित कोणी तोंड उघडणार नाही. तेवढा वेळ शांत बसणे जड जाईल. पण दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या सभेला मागच्या रांगेतून कोणीतरी उठेल आणि म्हणेल, गुरुजी, तसं नाही ते. मी सांगते काय होतं ते. त्या वेळी हातातला कागद बाजूला ठेवावा आणि ऐकावे.